पहिला घरगुती प्रवेश: मैत्रीण आणायची की सकाळची घाई?

कौटुंबिक नाटक लिहायला घेतलं की पहिल्या आठ-दहा पानांतच एक निर्णय घ्यावा लागतो: घरात काहीतरी बिनसलंय हे प्रेक्षकाला कळणार कसं? एक वाट अशी, की बाहेरून कुणीतरी येतं, जुनी मैत्रीण किंवा गावाकडचे काका, आणि घरातलं माणूस त्यांच्यापाशी मन मोकळं करतं. दुसऱ्या वाटेत कुणी कुणाला काही सांगत नाही. घरातली माणसं रोजचं काम उरकत असतात आणि त्या कामावरूनच खटके उडतात.

पहिल्या वाटेचा नमुना म्हणजे नॉर्वेचे नाटककार इब्सेन यांच्या 'अ डॉल्स हाउस'मधली (१८७९) श्रीमती लिंडे. दुसरीचा, लॉरेन हॅन्सबेरीच्या 'अ रेझिन इन द सन'मधली (१९५९) शिकागोच्या दाटीवाटीच्या घरातली सकाळ. दोन्ही नाटकं वाचलेली असतील असं गृहीत धरतो. नसतील तर निदान पहिला अंक वाचून मग ठरवा.

आधी इब्सेनच्या बाजूने. लिंडे ही नायिका नोराची शाळकरी मैत्रीण, नऊ-दहा वर्षांनी भेटते. विधवा आहे, हातात पैसा नाही. या दोघींच्या बोलण्यातून नोराने नवऱ्याच्या तब्येतीसाठी इटलीला जायला गुपचूप ४,८०० क्रोनरचं कर्ज काढलं होतं, हे बाहेर येतं. गुपित जुनं आणि एकट्या नोराचं. घरातल्या कुठल्याही कामातून ते आपोआप वर आलं नसतं. तुमच्या नाटकाची गाठ अशीच भूतकाळात असेल, तर ऐकणारं माणूस लागेलच, ते टाळण्यात अर्थ नाही. पात्रं दोनच, सामान जवळजवळ नाही, म्हणून स्पर्धेच्या एकांकिकेला ही वाट सोयीची वाटते तेही खोटं नव्हे.

पण इब्सेन हे गुपित कसं काढतो ते जवळून पाहा. मैत्रीण खोदून खोदून विचारत नाही. ती नोराला म्हणते, तू अजून लहान मुलगीच आहेस, आयुष्यातले कष्ट तुला कुठे ठाऊक. ते नोराला लागतं आणि आपण कोण आहोत हे दाखवायला ती बोलून जाते. सांगण्यामागे दुखावलेपण आहे, म्हणून ते सांगणं ऐकवतं.

आता ज्या एका कटकटीमुळे माझा कल दुसरीकडे झुकला ती सांगतो. ऐकणारं पात्र एकदा आणलं की त्याची उस्तवार नाटकभर करावी लागते. इब्सेनला ते जमलं, कारण लिंडे नोकरी मागायला आली आहे, तिला बँकेत जागा मिळते, त्यामुळे नोराला कर्ज देणाऱ्या क्रोग्स्टाडची तिथली जागा जाते, आणि लिंडे व क्रोग्स्टाड यांचं जुनं नातंही आहे. म्हणजे ती सबंध नाटकाच्या यंत्रातलं एक चाक आहे. आपल्याकडच्या पहिल्या खर्ड्यात असं होत नाही. मैत्रीण तिसऱ्या पानावर येते, "काय सांगतेस!", "मग गं?", "आणि भावोजी काही बोलले नाहीत?" एवढं म्हणते आणि सातव्या पानावर चहा पिऊन निघून जाते. तालमीत ती भूमिका करणारी मुलगी हात कुठे ठेवू असं विचारते, कारण तिला करायलाच काही नसतं. दिग्दर्शक मग तिला सोफ्यावरून उठवतो, खिडकीशी नेतो, परत बसवतो. त्या हालचालीने काही साधत नाही, कारण दोष संहितेत आहे.

हल्ली मैत्रिणीऐवजी मोबाईल येतो, तो जास्तच वाईट. "काय? बाबांनी जमीन विकायचं ठरवलंय?" असं पलीकडचं वाक्य अलीकडच्याने पुन्हा उच्चारायचं. असं वाक्य खऱ्या फोनवर कुणी बोलत नाही, आणि प्रेक्षकाला ते तिथल्या तिथे कळतं.

हॅन्सबेरीकडे घड्याळाचा गजर वाजतो. मुलगा ट्रॅव्हिस बाहेरच्या खोलीत कोचावर झोपलेला, न्हाणीघर मजल्यावरच्या इतर भाडेकरूंबरोबर वाटून घ्यायचं, म्हणून उठायची घाई. त्याची आई रूथ नवऱ्याला, वॉल्टरला, विचारते, अंडी कशी हवीत? तो म्हणतो, फेटलेली नकोत. ती अंडी फेटायला लागते. संवाद जेमतेम दोन वाक्यांचा, पण या लग्नात काय चाललंय ते समजतं. नंतर मुलगा शाळेसाठी पन्नास सेंट मागतो. आई नाही म्हणते. वॉल्टर मात्र ऐटीत पन्नास सेंट देतो, वर आणखी पन्नास. आणि थोड्या वेळाने कामावर जायला गाडीभाडं नाही म्हणून तोच रूथपुढे हात पसरतो.

मागणं, नकार, तिसऱ्याने ऐटीत देणं आणि त्याची किंमत लगेच परत येणं, हे चार टप्पे कुठल्याही घरात बसतात. लिहिताना आधी टंचाई ठरवा: गीझरचं पाणी, सहलीचे पैसे, स्कूटरची किल्ली. मग काम ठरवा, आणि ते प्रवेशाच्या लांबीचं असू द्या. मेथीची अख्खी जुडी सहा मिनिटांच्या प्रवेशात निवडून होत नाही. अर्धीअधिक आधीच निवडून ठेवावी लागते. त्यापेक्षा चार पुडांचा डबा बरा. भात, भाजी, पोळी, लोणचं असे टप्पे हाताशीच मिळतात, आणि शेवटचं पूड रिकामंच राहिलं तर वेगळं वाक्य लिहावं लागत नाही. नकाराचं वाक्य हात चालू असताना पडलं पाहिजे. काम थांबवून, वळून, डोळ्यांत बघून म्हटलं की ते भाषण होतं. खाणं दाखवायचं असेल तर कोरडे पोहे टाळा, घशात अडकतात आणि पुढचं वाक्य जातं.

या वाटेच्या अडचणीही आहेत. किमान तीन पात्रं लागतात, सामान वाढतं, आणि वीस वर्षांपूर्वीचं काही सांगायचं असेल तर ती अपुरी पडते. काम फार रंगलं तर प्रेक्षक डब्याकडेच बघत बसतो, हेही होतं.

महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त (१९८५) या दोन्ही वाटा एकत्र येतात. घरातले वडील तात्याजी वारल्यावर मुंबईहून त्यांचा मुलगा सुधीर आणि सून अंजली येतात. बाहेरून कुणीतरी येतंय हे इब्सेनसारखं, पण येणारा या घराचा वाटेकरी आहे. दिवसांच्या खर्चापासून वाड्यापर्यंत प्रत्येक गोष्टीत त्याचा हात अडकलेला. त्याला माहिती देण्याची गरजच नाही. तो आल्याने जी विचारपूस होते तिलाच धार असते. तो कधी येतो याची वाट बघणंसुद्धा घरच्यांमधला ताण दाखवून जातं.

तेव्हा पाहुणा हवाच असेल, तर त्याला घराकडून काहीतरी हवं असलं पाहिजे, आणि ते त्याने काही ऐकण्याआधी मागितलेलं असावं. तसं पात्र सुचत नसेल तर माझं मत सकाळच्या घाईला. इब्सेननेही लिंडे येण्याआधी तेच केलं आहे. नोरा हमालाला पन्नास ओरेऐवजी अख्खा क्रोनर देते, नवऱ्याच्या दाराशी कान देते, मॅकरून (बदामाची गोड बिस्किटं) खाऊन तोंड पुसते आणि मिठाईवाल्याकडे गेलेच नाही म्हणून थाप मारते. कर्जाचा आकडा वाचक विसरतात, मॅकरून विसरत नाहीत.

खर्डा तयार असेल तर पाहुण्याची सगळी वाक्यं पेन्सिलीने खोडून प्रवेश एकदा मोठ्याने वाचा. घरच्या माणसाचं बोलणं तरीही सलग लागत असेल, तर त्या पाहुण्याचं काम एखाद्या डब्याकडे देऊन टाका.