पाच वर्षे सिग्नल वापरल्यानंतर

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नव्या अटी मान्य करण्याची सूचना कोट्यवधी फोनवर पाठवली आणि त्यासाठी ८ फेब्रुवारीची मुदत दिली, त्याच आठवड्यात आमच्या घरातल्या सात जणांचा गट आम्ही सिग्नल या दुसऱ्या संदेश-ॲपवर हलवला. पुढे ती मुदत १५ मेपर्यंत वाढली, ओरड शमली आणि ओळखीतले बहुतेक लोक 'मान्य'चे बटण दाबून मोकळे झाले. आमचा गट मात्र सिग्नलवरच राहिला. आई साताऱ्याला, भाऊ आणि वहिनी नाशिकला, भाची शिक्षणासाठी जर्मनीत, असे आमचे घर विखुरलेले आहे; त्यामुळे आईच्या रक्ततपासणीचे अहवाल, जमिनीच्या वाटणीचे कागद आणि घरातले वादसुद्धा याच गटात होतात. इतक्या वर्षांच्या रोजच्या वापरावरून हे परीक्षण लिहीत आहे.

आधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर त्याची मालक कंपनी मेटा (पूर्वीची फेसबुक) वाचते, असे सर्रास सांगितले जाते. ते बरोबर नाही. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपचे वैयक्तिक संदेश पाठवणाऱ्याच्या फोनपासून घेणाऱ्याच्या फोनपर्यंत कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) असतात, म्हणजे मधल्या कोणालाही ते वाचता येत नाहीत, आणि ते कुलूप सिग्नलच्याच निर्मात्यांनी तयार केलेले आहे. फरक आहे तो संदेशाभोवतीच्या नोंदींत. कोणी, कोणाशी, कधी आणि किती वेळा संपर्क साधला, कोणत्या गटात कोण आहे, या माहितीला मेटाडेटा म्हणतात. एखादी व्यक्ती रात्री अकरा वाजता कर्करोगतज्ज्ञाशी वीस मिनिटे बोलली, लगेच भावाशी बोलली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विमा प्रतिनिधीशी बोलली, एवढे कळले तर संभाषणातला एकही शब्द ऐकण्याची गरज उरत नाही. जाहिरातींवर चालणाऱ्या कंपनीला अशा नोंदींचे मोल असते, आणि २०२१ चा वादही नेमका माहितीच्या देवाणघेवाणीचा होता.

सिग्नलचे खरे मोल या ठिकाणी कळते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातील एका ग्रँड ज्युरीने (गुन्ह्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या नागरिकांच्या मंडळाने) सिग्नलकडे वापरकर्त्यांची माहिती मागितली, तेव्हा खाते कधी उघडले आणि सेवेशी शेवटचा संपर्क कधी झाला, या दोनच गोष्टी त्यांना देता आल्या. संपर्कयादी, गटांची नावे, कोणाशी बोलणे झाले याचा तपशील, यांपैकी काहीच त्यांच्याकडे नव्हते. त्यानंतर २०१८ पासून तर, जिथे शक्य असेल तिथे, संदेश कोणी पाठवला हेही सिग्नलच्या सर्व्हरपासून झाकले जाते. कंपनीच्या चांगुलपणावर विश्वास ठेवायला सांगणे वेगळे आणि तशी वेळच येऊ नये अशी रचना करणे वेगळे. मला दुसरी गोष्ट अधिक भरवशाची वाटते.

ही सेवा चालवणारी संस्था ना-नफा तत्त्वावर काम करते. ब्रायन ॲक्टन हे व्हॉट्सॲपच्या दोन संस्थापकांपैकी एक. फेसबुकने २०१४ मध्ये १९ अब्ज डॉलरच्या व्यवहारात व्हॉट्सॲप घेण्याचे जाहीर केले. ॲक्टन २०१७ मध्ये तिथून बाहेर पडले आणि २०१८ मध्ये स्वतःचे ५ कोटी डॉलर घालून त्यांनी सिग्नल फाउंडेशनच्या स्थापनेत भाग घेतला. २०२२ पासून अध्यक्षपदी मेरेडिथ व्हिटेकर आहेत. त्यांनी पूर्वी गूगलमध्ये काम केले होते. जाहिरात नाही, माहितीची विक्री नाही, त्यामुळे खर्च देणग्यांवर भागवावा लागतो. संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपला खर्च जाहीर केला, त्यात नोंदणीच्या वेळी पाठवायच्या पडताळणी संदेशांवरच वर्षाला सुमारे ६० लाख डॉलर जातात, असे दिसले.

फोन क्रमांकाशिवाय खाते उघडता येत नाही, ही सिग्नलची सर्वांत जुनी उणीव आजही कायम आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वापरकर्तानाव घेण्याची सोय आली, तेव्हापासून निदान समोरच्याला क्रमांक न देता बोलता येते, आणि ज्यांच्याकडे तो आधीपासून आहे त्यांच्याखेरीज इतरांना तो आपोआप दिसत नाही. घरातले जुने कपाट विकताना मी अनोळखी ग्राहकांना केवळ वापरकर्तानाव दिले होते आणि व्यवहार झाल्यावर ते बदलून टाकले. भाड्याने घर शोधणाऱ्या एकट्या मुलीला किंवा बातमीसाठी माहिती देणाऱ्या माणसाला ही सोय किती उपयोगाची आहे, हे निराळे सांगायला नको.

रोजच्या वापरात ॲप सुटसुटीत आहे. मराठीत चालते. आपण शेवटचे केव्हा ऑनलाइन होतो हे कोणालाच दिसत नाही, आणि याचा स्वस्थपणा मला वापरल्यावरच कळला. ठरावीक मुदतीनंतर संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय आम्ही घरच्या गटात चार आठवड्यांवर ठेवली आहे. १०० एमबीपेक्षा मोठी फाइल जात नाही, त्यामुळे लग्नाच्या चित्रफितीसाठी दुसरी वाट शोधावी लागते.

जुने संदेश जपण्याच्या बाबतीत सिग्नल बराच काळ फार कठोर होते. अँड्रॉइडवर बॅकअप स्वतः आठवणीने काढून दुसरीकडे ठेवावा लागे. ज्याने तो ठेवला नाही, त्याचा फोन हरवला की संदेशही गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये सिग्नलने कुलूपबंद ऑनलाइन बॅकअप आणला: मजकूर आणि गेल्या ४५ दिवसांतली छायाचित्रे विनामूल्य, त्याहून अधिकसाठी महिना सुमारे २ डॉलर. त्याची ६४ अक्षरांची किल्ली मात्र आपल्याच ताब्यात राहते आणि ती हरवली तर सिग्नलसुद्धा काही करू शकत नाही. मी ती कागदावर लिहून विम्याच्या कागदांसोबत ठेवली आहे. आईसारख्या वापरकर्त्यांसाठी घरातल्या कोणीतरी हे काम अंगावर घ्यायला हवे.

कुलूप कितीही पक्के असले तरी किल्ली कोणाला द्यायची, हे माणूसच ठरवतो. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतील वरिष्ठ अधिकाऱ्यांनी येमेनवरच्या हल्ल्यांची चर्चा सिग्नलच्या एका गटात केली आणि त्या गटात एका मासिकाचे संपादक चुकून जोडले गेले होते. यात एन्क्रिप्शन कुठेच फुटले नव्हते. त्याहून अधिक विचार करायला लावणारी घटना २० ऑक्टोबर २०२५ ची. त्या दिवशी ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेत, म्हणजे इतरांना सर्व्हर भाड्याने देणाऱ्या यंत्रणेत, बिघाड झाला आणि सिग्नलही बंद पडले. मोठ्या कंपन्यांपासून खासगीपणा वाचवणारी सेवा शेवटी त्यांच्याच यंत्रणेवर उभी आहे, ही वस्तुस्थिती अस्वस्थ करणारी आहे. संदेश कुलूपबंद असल्याने ॲमेझॉनला ते वाचता येत नाहीत, हे खरे. पण जगभर तत्काळ चालणारी सेवा उभारायची तर मोजक्याच कंपन्यांच्या दाराशी जावे लागते, हा प्रश्न एकट्या सिग्नलच्या आवाक्यातला नाही.

आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या धोरणासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. वर्षभराने अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण जाहिरातींसाठी माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना देण्यावर घातलेली पाच वर्षांची बंदी उठवली. मेटाच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवायला हवी. संदेशाचा मूळ पाठवणारा शोधून देण्याच्या २०२१ च्या सरकारी नियमाविरुद्ध व्हॉट्सॲपनेच दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, आणि एन्क्रिप्शन मोडायला लावले तर भारतातून जावे लागेल, असे तिथे सांगितले. त्या लढाईत सिग्नल वापरणाऱ्यांचेही हित आहे.

दूधवाला, सोसायटी, मुलांची शाळा आणि आईची भजनी मंडळी व्हॉट्सॲपवरच असल्याने ते मी काढून टाकलेले नाही आणि काढा असा सल्लाही देणार नाही. तरीही आजारपण, पैसा, मालमत्ता आणि घरातल्या नाजूक गोष्टी यांच्यासाठी जवळच्या पाच-सात माणसांचा एक गट सिग्नलवर जरूर करावा. तो करताना प्रत्येकाच्या फोनवर पिन आणि नोंदणीचे कुलूप (पिनशिवाय आपला क्रमांक दुसऱ्या फोनवर नोंदता येऊ नये यासाठीची सोय) चालू करावे, बॅकअपची किल्ली कागदावर लिहून घ्यावी, आणि हे सगळे एकाच बैठकीत, शक्यतो सणावाराला सगळे एका घरी जमलेले असताना उरकावे. आमच्याकडे एका सणाला दुपारच्या जेवणानंतर हे काम झाले आणि सात फोनना मिळून तासभर लागला.