मोडीवाल्या ‘सरां’नी आमचं घराणं सरदार केलं

2023 मध्ये मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली गेली, कागदांची शोधाशोध सुरू झाली आणि आमच्या सातारा भागात मोडी वाचणाऱ्यांना सोन्याचा भाव आला. खरे जाणकार त्यात आहेतच, पण वाहत्या गंगेत हात धुणारेही कमी नाहीत. असाच एक ‘सर’ आमच्या काकांना जत्रेत भेटला. बोलणं गोड. तोंडात सारखं पेशवे दप्तर, रुमाल (कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे), ‘पुण्याला माझं रोजचं जाणं-येणं’. 11 पिढ्यांची वंशावळ आणि मूळ सनदेची नक्कल मिळून 25 हजार. अर्धे आधी, तेही रोख.

कागद आला तो लॅमिनेट होऊन. चहात बुडवल्यासारखा पिवळा, खाली लाल शिक्का. मूळ पुरुष सरदार, पानिपतावर जखमी, बक्षीस म्हणून गाव इनाम! काका हरखले, उरलेले पैसेही देऊन टाकले. अशा वंशावळींत कुणाचाच पूर्वज साधं कुळ कसा नसतो, हे मनात आलं होतं. पण घरच्या आनंदावर विरजण कोण घालणार?

बिंग फुटलं ते ओळखीतल्या एका निवृत्त मोडी वाचकांपुढे. त्यांनी मजकूर बाजूला ठेवून आधी तारीख वाचली. शके 1686, शेजारी ‘इहिदे सबैन मया व अलफ’. जुन्या कागदांत सुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या कारभारातली एक कालगणना, असा अरबी शब्दांत लिहीत: इहिदे 1, सबैन 70, मया 100, अलफ 1000, म्हणजे 1171. त्याचं इसवी साल येतं 1770-71. शके 1686 मात्र 1764-65. एकाच कागदात सहा वर्षांची तफावत. पुढे ‘जिल्हा सातारा’! सातारचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं 1848 मध्ये, जिल्हा त्यानंतरचा. पेशवाईतला कारकून प्रांत, परगणा, तर्फ लिहील. शिवाय प्रत्येक ‘क’ हुबेहूब सारखा, म्हणजे कॉम्प्युटरचा फाँट. बोरूने सलग लिहिलेल्या मोडीत अशी ठशातली अक्षरं येत नाहीत.

आता ‘सरां’चा फोन बंद. शेजारच्या गावातल्या एका कुटुंबाकडेही हीच सनद निघाली, नावं तेवढी वेगळी. दोन्ही घरांनी पोलिसांत अर्ज दिलाय. पावती नसल्याने पैसे परत येतील अशी आशा नाही.

कुणी वंशावळ काढून देतो म्हणाला, तर कागद कुठल्या दप्तरातला आणि रुमाल नंबर काय, हे लेखी मागा. खरा वाचक मूळ पानाचा फोटो आणि ओळीला ओळ लिप्यंतर देतो, न लागलेलं अक्षर मोकळं सोडतो. कुणबी दाखल्यासाठी लागणारी नोंद तर बऱ्याचदा तहसीलच्या अभिलेख कक्षात, गाव नमुना 14 मध्ये (जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) किंवा जुन्या शाळेच्या रजिस्टरमध्येच सापडते आणि तिची नक्कल सरकारी फी भरून मिळते. बनावट सनद अर्जाला जोडलीत, तर पैसे जाऊन वर गुन्हा तुमच्याच नावावर.

साताऱ्याकडे कुणाच्या भिंतीवर ही ‘इहिदे सबैन’वाली सनद लटकत असेल, तर काढा आणि तुमचाही अर्ज पोलिसांत द्या. तक्रारी दोनाच्या दहा झाल्या तर तपास तरी हलेल.