पुण्यात राहायचं कुठं: होस्टेल, कॉट बेसिस की फ्लॅट?

बारावीचा निकाल लागला की आमच्या बार्शीत दोन प्रकारचे फोन सुरू होतात. एक पेढ्यांचा. दुसरा मावशीचा: "तू पाच वर्षं पुण्यात काढलीस, आता हिला कुठं ठेवायचं ते तूच सांग." 'ठेवायचं' हा शब्द मावशीचा. मुलगी म्हणजे लोणच्याची बरणी.

२०१४ ते २०१९ या काळात मी तीन ठिकाणी राहिले. पहिलं वर्ष होस्टेल, पुढची दोन वर्षं सदाशिव पेठेत कॉट बेसिस, आणि एम.ए.ची दोन वर्षं कर्वेनगरात चौघींनी मिळून घेतलेला फ्लॅट. मावशीला भाडं, पाण्याची वेळ आणि 'वातावरण' एवढं हवं होतं. ते सांगून फोन ठेवला, तर रात्री मावसबहिणीचा मेसेज आला: "ताई, मैत्रिणी कुठं लवकर होतात? आणि कपडे कसले घेऊ?" मावशीच्या प्रश्नांची उत्तरं घरमालकसुद्धा देतो. हिच्या प्रश्नांची कुणी देत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट समजून घ्या. पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी दुपारी फीस्ट देतात आणि संध्याकाळी बंद असतात. गुलाबजाम, मसालेभात, पापड, आणि मग सोमवारपर्यंत तुमचं तुम्ही बघा. नव्या पोरीला घरची आठवण येते ती नेमकी त्या रात्री. त्यामुळे मी तिन्ही जागा एकाच मापानं मोजते: रविवारी रात्री जेवायला बरोबर कोण होतं?

होस्टेल

होस्टेलवर मैत्रिणी निवडता येत नाहीत, त्या वाट्याला येतात. माझ्या वाट्याला धुळ्याची, चिपळूणची आणि उमरग्याची अशा तिघी आल्या. चिपळूणच्या पोरीशी आपलं जन्मात जमणार नाही, असं मी पहिल्याच आठवड्यात घरी कळवून टाकलं होतं. ती पहाटे साडेपाचला उठून गरम पाण्याच्या रांगेत बादली लावायची. एक दिवस बघते तर तिच्या बादलीमागे माझीही बादली. तेवढ्यावर जमलं.

गावाहून कुणी आलं की डबा पलंगावरच उघडायचा. माझी शेंगाचटणी आणि कडक भाकरी, धुळ्याचे बिबडे, चिपळूणची फणसपोळी. दहा मिनिटांत डबा धुवायला तयार. रविवारी रात्री वेगळं काही ठरवावं लागायचं नाही; भूक लागली की कॉरिडॉरमध्ये कुणाच्या तरी खोलीत मॅगीचा वास यायचा. (इंडक्शन शेगडीला बंदी होती. वासाला कशी घालणार?)

बोलण्याचंही तेच. मी 'आलते, गेलते, काय करायलीस' असंच बोलत आले होते. वर्गात पहिल्या दिवशी दोघी हसल्या आणि मी आठवडाभर गप्प बसले. होस्टेलवर मात्र प्रत्येकीचं काहीतरी वेगळं. धुळेवाली आईशी फोनवर अहिराणीत बोलायला लागली की आम्ही तिघी कान टवकारून बसायचो. त्या खोलीत 'शुद्ध' कोणतं हे ठरवायला कुणी नव्हतंच.

आता तोटा. रात्रीची हजेरी. स्थानिक पालकाचं पत्र, गेटवरची वही, रेक्टर मॅडमची सही. अभ्यास आणि लायब्ररी एवढंच करायचं असेल तर काही अडत नाही. पण नाटकात जायचं असेल तर अडतं. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, आणि तिच्या तालमी पावसाळ्यात रात्री उशिरापर्यंत रंगतात. आमच्या होस्टेलवरची एक मुलगी दोन आठवडे रोज शेवटच्या प्रवेशाआधी पळत यायची. शेवटी तिनं बॅकस्टेजही सोडलं. नाटकवेड्या मुलीनं होस्टेलचा अर्ज भरण्याआधी हजेरीची वेळ विचारावी आणि 'स्पर्धेसाठी सवलत मिळते का' हेही विचारून घ्यावं.

दुसरं म्हणजे जागा कमी असतात आणि बऱ्याच ठिकाणी दरवर्षी नव्यानं अर्ज करावा लागतो. दुसऱ्या वर्षाच्या यादीत माझं नाव आलं नाही. जूनमध्ये ट्रंक घेऊन रस्त्यावर.

कॉट बेसिस

पुण्याबाहेरच्यांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. खोली भाड्यानं मिळत नाही, खोलीतली एक कॉट मिळते. कॉट, अर्धं कपाट, खिडकीच्या कट्ट्याचा हातभर तुकडा आणि माळ्यावर ट्रंकेपुरती जागा. माझी कॉट सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर होती, खाली मालकीणकाकू. पुणेरी पाट्यांचे विनोद तुम्ही वाचले असतील, मी त्या पाटीखाली दोन वर्षं राहिले. 'गरम पाणी सकाळी ६ ते ७.३०. नंतर मागू नये.' 'रस्त्याच्या बाजूला कपडे वाळत घालू नयेत.' 'पाहुण्यांनी जिन्यात बोलू नये.'

काकू वाईट नव्हत्या. मला ताप आला तेव्हा मऊभात त्यांनीच वर पाठवला. पण मी "काकू, मी आलते मघाशी" म्हटलं की त्या चष्म्यावरून बघून म्हणायच्या, "आले होते." दोन वर्षांत माझं बोलणं त्यांनी पुसून काढलं. बार्शीला गेल्यावर आजी म्हणाली, "पुस्तकावानी बोलायलीस की गं." फायदा म्हणावा की तोटा, मला अजून ठरवता आलेलं नाही. मुलाखतींत उपयोग झाला, एवढं खरं.

खोलीत पाच कॉट, त्यातल्या तीनवर एमपीएससीच्या मुली. सदाशिव-नारायण पेठेत हे ठरलेलंच. त्या सकाळी सातला अभ्यासिकेत जायच्या आणि रात्री दहाला दिवा बंद. त्यांच्याशी भांडण कधी झालं नाही, कारण भेटच होत नव्हती. ज्यांना वाटतं की कॉट घेतली की खोलीतल्या मैत्रिणी आपोआप होतील, त्यांची इथं निराशा होते. वयात पाच-सहा वर्षांचं अंतर, आणि प्रत्येकीच्या उशाशी परीक्षेची तारीख.

मैत्रिणी झाल्या त्या मेसमध्ये. दोन गल्ल्या सोडून एका घरगुती मेसला मी जायची. तिथं 'खाडा' नावाचा प्रकार असतो. गावी गेलात तर तेवढ्या दिवसांचे पैसे वजा होतात, पण आमच्या मेसचा नियम असा की सलग चार दिवस खाडा असेल तरच, आणि तोही आधी सांगितला तर. तीन दिवसांसाठी गावी गेलेल्या आम्ही चौघी एकाच सोमवारी मेसवाल्या मावशींशी हुज्जत घालत होतो. मावशी हटल्या नाहीत. आम्ही चौघी मात्र तेव्हापासून एका टेबलावर बसायला लागलो. एक फार्मसीची, एक सीएच्या क्लासची, एक नर्सिंगची. कॉलेजमधल्या एकाच वर्गाच्या गप्पांना कंटाळा येतो, तो इथं कधी आला नाही.

आणि रविवारची रात्र. सात वाजता वाड्याखालून हाक यायची. वडापाववर भागवायचं ठरवून निघायचं आणि शेवटी डोसा खायचा, मग चालत झेड ब्रिजवर. तिथं सगळी जोडपी आणि मधेच आम्ही चौघी, शेंगदाण्याच्या पुड्या घेऊन. माझ्या पुण्यातल्या दिवसांतलं सगळ्यात चांगलं काय, असं विचारलं तर मी याच रात्री सांगेन.

पेठेत राहण्याचा आणखी एक फायदा म्हणजे सगळं पायी. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं, लक्ष्मी रोड, तुळशीबाग, टिळक रोड. दोन वर्षांत रिक्षा मी बोटांवर मोजण्याइतक्या वेळा केली.

फ्लॅट

फ्लॅट घ्यायचा म्हणजे पहिलं दर्शन एजंटाचं. एक महिन्याचं भाडं त्याचं, डिपॉझिट मालकाचं, मग अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स. तोंडी बोलण्यावर जाऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. भाडेकरूंची माहिती पोलिसांकडेही द्यावी लागते. हे सगळं झाल्यावर सोसायटीतले एक काका जिन्यात अडवून विचारतात, "मुलगे येणार का?"

पण किल्ली हातात आली त्या दिवशी आम्ही फरशीवर बसून चहा प्यायलो, तो आनंद खोटा नव्हता. रात्री बाराला बाहेर पडा, कुणी विचारत नाही. आई-बाबा आले तर राहू शकतात, लॉज शोधावं लागत नाही. आवडीचं शिजवता येतं.

आता खरं सांगते. मी ज्या मैत्रिणीशिवाय कॉलेजात चहा पीत नव्हते, तिच्याशी त्या फ्लॅटमध्ये तीन महिने बोलत नव्हते. कारण दुधाचं पातेलं. ते कुणी घासायचं यावरून सुरू झालं आणि 'तू मला कधी समजूनच घेतलं नाहीस' इथपर्यंत गेलं. पोळ्यावाल्या मावशी सुट्टीवर गेल्या की भांडण, गॅस संपला की भांडण. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव आधी 'कर्वेनगरच्या राण्या' होतं, ते कुणीतरी बदलून 'लाइट बिल' केलं. होस्टेलवर जुळवून घेणं भाग असतं, आणि राग काढायला सगळ्यांचा मिळून एक शत्रू असतो: रेक्टर. फ्लॅटमध्ये रेक्टरही आपणच.

रविवारची रात्र? चार खोल्यांची दारं बंद आणि फाटकावर चार वेगवेगळी पार्सलं.

फ्लॅट घ्यायचाच असेल तर जिवलग मैत्रिणीबरोबर घेऊ नका. ओळखीची, पण फार जवळची नाही, अशी मुलगी उत्तम. तिच्याशी पैशांचं स्पष्ट बोलता येतं.

कपड्यांचं काय?

मावसबहिणीचा दुसरा प्रश्न. जागेचा आणि कपड्यांचा संबंध तिला वाटतो त्यापेक्षा जास्त आहे.

होस्टेलवर स्वतःची अशी स्टाइल नसतेच, सगळ्या मजल्याची मिळून एक असते. माझ्याकडे एकच बरी कुर्ती होती आणि तरी वर्षभर कुणाला ते कळलं नाही. ट्रॅडिशनल डेला साडी धुळ्याची, ब्लाउज उमरग्याचा आणि तो मागून चार सेफ्टी पिनांवर तोललेला, नथ समोरच्या खोलीतली. निऱ्या घालून द्यायला दाराबाहेर रांग. फ्लॅटवर असताना त्याच दिवशी मी मोबाइल आरशाला टेकवून व्हिडिओ बघत एकटीनं निऱ्या घातल्या. घोळ पुढून वर आणि मागून खाली.

कॉटवर अर्धं कपाट असतं, आणि मला वाटतं माझी म्हणावी अशी आवड तिथंच तयार झाली. पाच सुती कुर्ते, एक जीन्स, एक काळी ओढणी जी सगळ्यावर जायची. नवीन घ्यायचं तर जुनं गावी पाठवायचं, कारण खुंटी एकच. तुळशीबागेत दर शनिवारी चक्कर व्हायची. घासाघीस करून घेतलेले ऑक्सिडाइज्ड झुमके हा एवढाच चैनीचा माल. फ्लॅटमध्ये पूर्ण कपाट मिळालं. ते ऑनलाइन मागवून भरलं आणि घालत राहिले तेच तीन टी-शर्ट.

जीन्स तिन्हीकडे चालते. काकूंनासुद्धा चालायची, फक्त रस्त्याच्या बाजूला वाळत घातलेली नाही.

एक वस्तू मात्र आल्या आल्या घे: मोठा सुती स्कार्फ. पुण्यात दुचाकीवर मुली तोंड-डोकं गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवतात. आधी हसू येतं. मार्चमध्ये दुपारी एकदा स्वारगेटपर्यंत जाऊन आलीस की हसू थांबेल.

पैसे, थोडक्यात

होस्टेलची फी वर्षाची एकदम भरावी लागली, पण महिन्याला भागून पाहिली तर तीच सगळ्यात स्वस्त. कॉटला मी २,५०० देत होते, मेसला २,२००. फ्लॅटमध्ये वाट्याला भाडं ४,५००, पण वीज, गॅस, इंटरनेट, पोळ्यावाल्या मावशी धरून ८ हजारांच्या खाली महिना कधी गेला नाही, आणि डिपॉझिट वेगळं. हे माझ्या वेळचे आकडे. आजचे दर जागेवर विचारा. आकड्यांपेक्षा त्यांतलं अंतर बघा.

परिस्थिती बेताची असेल तर दोन दारं आधी ठोठावा. विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून पुण्यात ग्रामीण भागातल्या मुलामुलींसाठी वसतिगृहं चालवते. आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाच्या स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरात जेवण, निवास आणि निर्वाहासाठी वर्षाला ६० हजार रुपयांची तरतूद आहे. कागदपत्रं जूनच्या आधी जमवा.

मग कुणी कुठं?

पहिल्यांदाच घर सोडताय आणि होस्टेलच्या यादीत नाव आलंय? डोळे मिटून होस्टेल. हजेरीचा जाच होईल, होऊ द्या. लाजऱ्या मुलीसाठी तर दुसरा पर्याय मी सुचवणारच नाही. ज्या मुलीला नाटक, क्लास, अर्धवेळ काम असं काही धरायचंय, तिनं कॉट घ्यावी, पण मेस माणसांची निवडावी. खोलीवर डबा लावून एकटीनं जेवलात तर ते वर्ष फार लांबतं. फ्लॅट तिसऱ्या वर्षाआधी नको, हे माझं मत आहे. मावशीनंही ते उचलून धरलं, अर्थात कारण वेगळं. मेट्रो झाल्यापासून वनाज-कोथरूडकडे राहून डेक्कनच्या कॉलेजात येणं सोपं झालंय, तेव्हा पेठेतच कॉट हवी हा हट्टही आता नको.

जागा बघायला लोक शनिवारी सकाळी जातात, तेव्हा मालक फरशी पुसून बसलेला असतो. तुम्ही रविवारी संध्याकाळी सातला जा. बाथरूमचा नळ सोडून बघा, कपाटाला कुलूप लागतं का बघा. मग पाच मिनिटं फाटकाशी उभ्या राहा आणि वरच्या मुली जेवायला एकेकट्या खाली उतरतात की घोळक्यानं, ते पाहा.