हमीपत्र पुरात गेले, गच्ची सहा वर्षांनी गळली: सांगलीतील एका वॉटरप्रूफिंग सेवेविषयी

सांगलीच्या कृष्णाकाठच्या गावभागातील आमच्या तळमजला आणि वर एक मजला असलेल्या घराच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग आम्ही मे 2018 मध्ये शहरातील एका कंत्राटदाराकडून करून घेतले. त्या कामाला दहा वर्षांची हमी होती. हमीचा कागद हरवल्यानंतर ती हमी मागताना आलेला अनुभव येथे नोंदवीत आहे. कंत्राटदाराचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार त्यांच्या गवंडीकामाविषयी नसून कार्यालयाच्या वागणुकीविषयी आहे आणि नाव घेतले की वाचणारे दोन्ही एकाच मापाने मोजतील.

आधी काम कसे होते ते सांगते. जुना, भेगा पडलेला थर पूर्ण उकरून त्यांनी ब्रिकबॅट कोबा केला. विटांचे तुकडे सिमेंटच्या मालात उभे बसवून पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या पाइपच्या तोंडाकडे शंभराला एक असा उतार दिला आणि पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, कडेने वाटा, म्हणजे सांध्यातला मालाचा गोलसर भराव, फिरवून वरचा गिलावा चौकटी आखून घोटला. नंतर पाइपचे तोंड बंद करून दोन-तीन दिवस गच्चीवर पाणी साठवून ठेवले आणि खाली एकही थेंब उतरला नाही, तेव्हाच हिशेब मागितला. साधारण 900 चौरस फुटांचे सर्व करांसह 61,200 रुपये झाले. त्यातील 30,000 रुपये मी धनादेशाने दिले आणि उरलेले रोख दिले. रोख देणे ही माझी चूक होती आणि ती पुढे मला चांगलीच भोवली. हमीपत्र शंभर रुपयांच्या मुद्रांकावर होते. ते मी तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटात, घरपट्टीच्या पावत्यांबरोबर ठेवले.

पुढचे वर्ष 2019 चे होते. ऑगस्टमध्ये इर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली. तेथे धोक्याची पातळी 45 फुटांची आहे, यावरून गावभागातील तळमजल्यांची स्थिती काय झाली असेल ते सांगलीकरांना सांगायला नको. आम्ही वेळेवर बाहेर पडलो, कपाट मात्र आठवडाभर पाण्यात राहिले. दार कटावणीने उघडले तेव्हा आत कागद नव्हते, कागदांचा लगदा होता. ज्या बाईने अठ्ठावीस वर्षे सरकारी कार्यालयाच्या लेखा विभागात इतरांच्या फायली सांभाळल्या, तिच्या स्वतःच्या फायलींची ही गत झाली, यावर घरात अजूनही विनोद होतात. घरपट्टीच्या पावत्यांच्या दुसऱ्या प्रती मिळाल्या, बँकेचे पासबुक नवे झाले. हमीपत्राची आठवण मात्र त्या धावपळीत कुणालाच झाली नाही, कारण गच्ची त्या पावसातही कोरडी राहिली होती.

जुलै 2024 मध्ये जिन्याच्या वरच्या कोपऱ्यात ओल दिसली. आठवड्याभरात रंगाचे पापुद्रे सुटले आणि पावसाच्या जोराच्या सरीनंतर पायरीवर थेंब पडू लागले. मी कंत्राटदाराच्या कार्यालयात गेले. समोर बसलेल्या कारकुनाने तक्रार ऐकून घेतली, वर्ष विचारले आणि म्हणाले, "काकू, मूळ कागद असल्याशिवाय आमच्याच्यानं काय होत नाही बघा. कागद आणा, मग माणूस पाठवतो." कागद पुरात गेला असे सांगितल्यावर त्यांनी सहानुभूतीने मान हलवली आणि नव्या कामाचा दर सांगितला.

दुसऱ्या वेळी मी तयारीने गेले. बँकेतून 2018 चा खातेउतारा घेतला होता. त्यात धनादेशाचा क्रमांक, रक्कम आणि त्यांच्या संस्थेचे नाव स्पष्ट होते. महापुरानंतर आमच्या घराचा जो पंचनामा झाला होता, त्याची प्रत बरोबर होती. शिवाय एक छायाचित्र होते: गच्चीच्या एका कोपऱ्यात, ओला गिलावा घोटताना त्यांच्याच गवंड्याने थापीच्या टोकाने कोरलेली "24-5-18" ही तारीख. त्यावर मिळालेली उत्तरे तशीच्या तशी लिहिण्याजोगी आहेत. तारीख कोणीही कोरू शकतो, असे एक उत्तर. तीस हजारांची नोंद एखाद्या लहान कामाची, बाथरूमच्या गळतीची वगैरे, असू शकते, हे दुसरे. हे दुसरे उत्तर तर्काला धरून होते, हे मान्य करावे लागेल. बाकीची रक्कम रोख दिली नसती तर ते उत्तर त्यांना देताच आले नसते.

मला मात्र एकच प्रश्न पडला होता आणि तो मी त्यांना विचारलाही: तुमच्याकडच्या प्रतीचे काय झाले? मुद्रांकावरचा कागद ग्राहकाला देताना त्याची एक छायाप्रत तुम्ही ठेवली असणार, बिलाची प्रत तर ठेवलीच असणार. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार नोंदणीकृत व्यावसायिकाने हिशेबाची कागदपत्रे संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपून ठेवायची असतात. मे 2018 चे बिल 2018-19 या वर्षातले, म्हणजे 2024 मध्ये ते फेकून देण्याची मुभा त्यांनाही नव्हती. "जुन्या फायली माळ्यावर आहेत, कोण शोधणार," असे उत्तर आले. जो कागद दोन ठिकाणी होता, त्यातील पाण्यात गेलेली प्रत मी आणावी आणि माळ्यावर कोरडी असलेली प्रत त्यांनी शोधू नये, असा हा व्यवहार होता.

माझा भाचा वकिली करतो. त्याने दोन गोष्टी समजावून सांगितल्या. मूळ दस्त हरवला किंवा नष्ट झाला असेल तर त्यातील मजकूर दुय्यम पुराव्याने, म्हणजे त्याची प्रत वगैरे दाखवून, सिद्ध करता येतो. ही तरतूद 1872 च्या पुरावा कायद्यात होती आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. दुसरे असे की ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, ग्राहक जेथे राहतो तेथेच तक्रार दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. मला आयोगापर्यंत जायचे नव्हते. जिन्यात बादली ठेवून कोण खटला लढवणार! त्याच्या सल्ल्याने मी पोचपावतीसह एक पत्र पाठवले. पत्रात कामाची तारीख, क्षेत्रफळ, दोन्ही रकमा आणि कागद नष्ट होण्याचे कारण लिहिले, पुराव्यांच्या प्रती जोडल्या आणि त्यांच्याकडील बिलाची व हमीपत्राची प्रत पंधरा दिवसांत दाखवावी अशी मागणी केली. पंधरा दिवस उलटल्यावर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन निकाल देत नाही. ती तक्रार समोरच्या पक्षापर्यंत पोचवते आणि पाठपुरावा करते. आमच्या बाबतीत तेवढे पुरले.

पाचव्या दिवशी मालकांच्या धाकट्या चिरंजीवांचा फोन आला. फाइल सापडली होती. ते स्वतः घरी आले, गच्ची पाहिली आणि हमीपत्राची छायाप्रत समोर ठेवली. मी चष्मा लावून ती दोनदा वाचली. दहा वर्षांची मुदत होती, माझी आणि मालकांची सही होती. पावसाळ्यापूर्वी दर वर्षी पाइपचे तोंड साफ ठेवावे, गच्चीवर छिद्रे पाडू नयेत, आतील रंगाचे नुकसान हमीत धरले जाणार नाही, अशा अटीही होत्या. मूळ कागद सादर केल्याशिवाय हमी मिळणार नाही, अशी अट मात्र त्यात कोठेही नव्हती. दोन महिने ज्या नियमावर मला परत पाठवले जात होते, तो नियम करारातला नव्हताच. तो कार्यालयाच्या सवयीतला होता. चिरंजीवांना हे दाखवले तेव्हा ते ओशाळले आणि त्यांनी माफी मागितली, हेही नोंदवणे योग्य होईल.

छिद्रांच्या अटीवर मात्र मला ओशाळावे लागले. 2021 मध्ये सौर बंब बसवताना त्याच्या स्टँडसाठी गच्चीवर चार ठिकाणी बोल्ट ठोकले होते. ती बाब मी पत्रात लिहिली नव्हती. खरे सांगायचे तर लक्षात असूनही लिहिली नव्हती. गळती त्या छिद्रांतून आहे की जोडातून, हे ठरवण्यासाठी त्यांनी पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरात, गच्चीचे वाळूचा बांध घालून दोन भाग केले आणि आधी स्टँडच्या बाजूला, मग जिन्याच्या बाजूला पाणी साठवले. स्टँडच्या बाजूचे पाणी दोन दिवस राहिले तरी खाली काही दिसले नाही. जिन्याच्या बाजूला पाणी साठवल्यावर दीड दिवसाने नेमकी त्याच कोपऱ्यात ओल आली. उन्हाळ्यातले प्रसरण आणि पावसातले आकुंचन यांमुळे पॅरापेट आणि कोबा यांच्या सांध्यावरचा वाटा केसाएवढा सुटला होता. हा दोष कामाचा, म्हणून हमीतला, असे त्यांनी कोणतीही खळखळ न करता मान्य केले. आरोप आमच्या बोल्टांवर ढकलणे त्यांना सहज शक्य होते, कारण तपासणी त्यांच्याच हातात होती. तसे त्यांनी केले नाही, म्हणून या माणसांच्या कामावर माझा विश्वास अजून आहे.

दुरुस्ती तीन दिवसांची झाली. सुटलेला वाटा छिन्नीने काढून तेथे इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच घेतली, ती पॉलिमर मिसळलेल्या मालाने भरली, वर जाळी दाबून रसायनाचे दोन हात दिले आणि पुन्हा पाणी साठवून दाखवले. याचे पैसे घेतले नाहीत. बोल्टांची चार ठिकाणे बंद करून स्टँड सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसवण्याचे 4,200 रुपये वेगळे घेतले, ते मी धनादेशाने दिले. जिन्यातील रंगाचा खर्च अटीप्रमाणे आमचा आम्ही केला.

तेव्हा गुण द्यायचेच तर गवंडीकामाला पाचपैकी साडेचार, तपासणीच्या प्रामाणिकपणाला पूर्ण पाच आणि कार्यालयाला एक. तो एकही चिरंजीवांनी घरी येऊन प्रत दाखवली म्हणून. त्याच कंत्राटदाराकडून काम करून घेणाऱ्यांनी पूर्ण रक्कम बँकेतून द्यावी आणि हमीपत्राचे छायाचित्र त्याच दिवशी घरातील दोघातिघांच्या फोनवर पाठवून ठेवावे. आमच्या घरी चार फोन होते आणि एकावरही ते छायाचित्र नव्हते. कागद गेलेलाच असेल तर काउंटरवर तोंडी वाद घालण्यात वेळ दवडू नये, पहिल्याच भेटीत लेखी मागणी द्यावी आणि त्यांच्याकडील प्रत मागावी. मी हे दोन महिने उशिरा केले आणि तेवढे दिवस बादली जिन्यात राहिली.

2025 मध्ये मे महिन्यातच पाऊस लागला, तरी जिन्याचा कोपरा कोरडा राहिला. हमीपत्राची शिक्का मारलेली प्रत त्यांनी दिली, ती आता वरच्या मजल्यावर आहे. तिच्यावरची मुदत मूळचीच, मे 2028 पर्यंतची आहे. दुरुस्त केलेल्या भागाला त्यापुढे वेगळी हमी नाही, हे मी चिरंजीवांकडून लेखी घेतले आहे.