छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

धाकटी दीड वर्षाची आणि थोरला साडेचार वर्षांचा, अशा दोघांना बरोबर घेऊन बँक, दवाखाना, औषधांचे दुकान आणि टपाल कार्यालय एवढी कामे एका सकाळीत उरकायची असतात, तेव्हा बाबागाडीचा खरा कस लागतो. बागेत फेरी मारताना कोणतीही गाडी चांगलीच वाटते. माझ्याकडची गाडी छत्रीसारख्या मिटणाऱ्या हलक्या प्रकारातली असून गेले आठ महिने ती जवळजवळ रोज वापरात आहे.

हा प्रकार घडवणारे ओवेन मॅक्लारेन हे विमान अभियंते होते. स्पिटफायर या लढाऊ विमानाची चाके आत मिटवणाऱ्या यंत्रणेवर काम केलेल्या या माणसाने १९६५ मध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, सुमारे पावणेतीन किलो वजनाची बाबागाडी तयार केली. माझी गाडी साडेसहा किलोंची आहे, पण घडीचे तत्त्व तेच आहे : मागची कळ पायाने उचलायची, मुठी पुढे ढकलायच्या, की सगळा सांगाडा आत मिटून त्याची काठीसारखी लांब, निमुळती घडी होते. बँकेच्या पायऱ्यांशी मुलीला कडेवर घेऊन ही गाडी मिटवता येते आणि आत गेल्यावर खुर्चीशेजारी भिंतीला टेकवून ठेवता येते, हे सुख मोठे आहे. मात्र मिटताना बिजागरीच्या सांध्यात लहान बोट सहज चिमटू शकते, म्हणून गाडीची घडी होईपर्यंत थोरल्याने दोन्ही हात खिशात घालून उभे राहायचे, असा आमचा नियम आहे आणि तो तो मनापासून पाळतो.

माझी मुख्य तक्रार मुठींबद्दल आहे. या प्रकारात आडवा दांडा नसतो, दोन सुट्या मुठी असतात. दोन्ही हात मोकळे असले तर गाडी सरळ चालते, पण रस्ता ओलांडताना माझा एक हात थोरल्याच्या हातात असतो, आणि एकाच मुठीवर जोर पडला की पुढची चाके तिरकी वळून गाडी कडेला ओढली जाते. दोन मुलांच्या पालकाला बाहेर पडल्यावर एकच हात उरतो, ही साधी गोष्ट गाडी बनवणाऱ्यांनी विचारात घेतलेली दिसत नाही.

आसनाखालची जाळी उथळ आहे. कागदपत्रांची पिशवी त्यात मावत नाही, म्हणून मी ती मुठीला अडकवू लागले. एकदा औषधांच्या दुकानात मुलगी रडू लागली म्हणून तिला उचलले, आणि तिचे वजन निघताच गाडी पिशवीच्या भाराने मागे कोसळून थोरल्याच्या पायाशी आदळली. त्याला लागले नाही, पण त्या आवाजाने तो इतका दचकला की पुढचा तासभर त्याने माझा हात सोडला नाही. मुठीला काही अडकवू नये, अशी सूचना माहितीपत्रकात होती, हे मान्यच आहे. त्या दिवसापासून पिशवी माझ्या पाठीवर असते.

खांदे, कंबर आणि दोन्ही मांड्यांमधून येणारा पाच टोकांचा पट्टा भक्कम आहे. एकाच पायाने दाबला जाणारा ब्रेक दोन्ही मागच्या चाकांना लागतो. छत अगदीच तोकडे आहे, आणि उन्हापासून आडोसा म्हणून वरून जाड कापड टाकणे योग्य नाही, कारण आत हवा कोंडून गरम होते. पाठ पूर्ण आडवी होत नसल्यामुळे सहा महिन्यांखालच्या बाळासाठी ही गाडी घेऊ नये.

एकच मूल असेल आणि जिने, वाहने, अरुंद दारे रोजची असतील, तर ही गाडी मी नि:संकोच सुचवीन. दोन मुलांसाठी मात्र सलग आडवा दांडा असलेली गाडी पाहावी, मग ती किलो-दीड किलो जड असली तरी चालेल. दुकानात रिकामी गाडी ढकलून पाहू नये. धाकट्याला आत बसवून, थोरल्याचा हात धरून, उरलेल्या एका हाताने ती एका वळणावरून फिरवून पाहावी.