केसिल ए-८० आणि तीन किलो दगड: दीड फुटी रीफ टँकचा वर्षभराचा अनुभव

माझा रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोरलचा (प्रवाळांचा) टँक, छोटा आहे, ४५ बाय ३० बाय ३० सेंमी, काठोकाठ भरला तरी ४० लिटर. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये हॉलमध्येच ठेवलाय. त्यावर गेलं वर्षभर केसिल कंपनीचा ए-८० ट्यूना ब्लू हा एलईडी लाइट चालू आहे आणि बरेच जण विचारतात घ्यावा का, तर आधीच सांगतो, नक्की घ्या, पण आत दगड कसा रचणार हे ठरवल्याशिवाय घेऊ नका. लाइट आणि दगड ही एकच खरेदी आहे, निदान एवढ्या छोट्या टँकमध्ये तरी, आणि हे मला एक अख्खा सेटअप मोडून परत लावल्यावर कळलं.

लाइट १५ वॅटचा आहे. रोज ९ तास चालवतो म्हणजे महिन्याला साधारण ४ युनिट, बिलात जाणवतसुद्धा नाही. वर दोन नॉब, एक रंगाचा आणि एक उजेड कमीजास्त करायचा, बस. घेताना ट्यूना ब्लूच बघून घ्या, ट्यूना सन गोड्या पाण्याच्या झाडांसाठी असतो. याच्यात एलईडी एकाच जागी दाटीने बसवलेत त्यामुळे उजेड एका बिंदूतून आल्यासारखा येतो आणि पाणी जरा हललं की वाळूवर रेषा नाचायला लागतात. गावाला भर दुपारी विहिरीत वाकून बघितलंय ना, तळाशी उन्हाची जाळी हलत असते, अगदी तसंच. मला पहिल्या दिवशी खुर्चीवरून उठवेना.

निळा रंग फक्त दिसायला छान म्हणून नसतो. कोरलच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं कोरलला देतं, आणि त्या शेवाळाला ४०० ते ५०० नॅनोमीटरचा, म्हणजे जांभळा-निळा उजेड जास्त कामाचा, कारण समुद्रात लाल रंग वरच्या काही मीटरमध्येच संपतो. झोआंथिड (थोडक्यात झोआ, बटणांसारखे दिसणारे मऊ कोरल) हिरवे-केशरी चमकतात तेही निळ्यातच. मी रंगाचा नॉब बराचसा निळ्याकडे ठेवतो, पाहुणे आले की थोडा पांढऱ्याकडे.

आता अडचण. उजेड एका बिंदूतून येतो म्हणजे सावलीही गडद पडते, आणि माझा पहिला दगड म्हणजे अंधारकोठडी होती. दुकानात सांगितलं होतं ६ किलो लागेल, मी घेतला, मागच्या काचेला टेकवून भिंतच उभी केली. वरचे दोन झोआ उजेडाने भाजले, खालचे मश्रूम कोरल अंधारात आक्रसले, आणि भिंतीच्या मागे इतका कचरा साठला की पंपही पोचेना, तिथूनच केसाळ शेवाळ सुरू झालं. मी चार महिने लाइटलाच दोष देत होतो.

मग सगळं काढलं. ८ लिटरला १ किलो हा जुना हिशोब धरला तरी माझे ५ किलो होतात, पण मी ३ च वापरला. सच्छिद्र ड्राय रॉक (जिवंत काही नसलेला कोरडा दगड) घेतला, हातात हलका लागतो आणि भोकं भरपूर, पाणी स्वच्छ ठेवणारे बॅक्टेरिया त्या भोकांतच राहतात त्यामुळे वजनापेक्षा भोकं बघा. डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरलं, टँकच्या मापाचा चौकोन आखला आणि लाइट जिथे येणार तेवढ्या उंचीवर आईला टॉर्च धरायला सांगितला. दगड फिरवून फिरवून सावली कुठे पडते ते बघत होतो, दोन तास गेले, आई म्हणाली अरे गणपतीच्या डेकोरेशनला पण आपण एवढा वेळ लावत नाही. पण त्या टॉर्चने जे दाखवलं ते कुठल्या व्हिडिओत दिसलं नव्हतं. एक दगड जेमतेम चार बोटं पुढे सरकवला तर खालचा अख्खा कोपरा उजळला.

शेवटी आकार असा झाला की एक जाड बुंधा मधोमध न ठेवता डावीकडे, त्यातून दोन चपट्या फांद्या बाहेर, वेगवेगळ्या उंचीवर आणि एकीची सावली दुसरीवर पडणार नाही अशा. चारी बाजूंनी काचेपासून ६ सेंमी मोकळे सोडले, काच पुसायचा मॅग्नेट फिरवायला आणि पाणी खेळायला. जोड सुपरग्लू जेल आणि दगडाचाच चुरा घालून केले. खिडकी उघडी ठेवून करा, वाफ डोळ्यांत जाते आणि जोड चांगलाच तापतो. सगळ्यात महत्त्वाचं, बुंधा थेट तळाच्या काचेवर टेकवा आणि वाळू नंतर ओता. माझ्याकडे वॉचमन गोबी मासा आणि पिस्टल श्रिम्प ही कोळंबी अशी जोडी आहे, ती दिवसभर खालून वाळू उपसत असते, दगड वाळूवर ठेवलेला असता तर कधीच कोसळला असता.

दगडाबद्दल अजून एक, मनापासून सांगतो. मालवणला गेलात आणि किनाऱ्यावर कोरलचा सुंदर तुकडा पडलेला दिसला तर तो तिथेच राहू द्या. आपल्याकडे दगडी कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ आहे तिथेच, आणि मेलेला तुकडा पण त्यात येतो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तिथे पाण्यात उतरून ते जिवंत बघा, तो आनंद टँकमध्ये येत नाही. मी कारखान्यात बनवलेला दगड आणि मऊ कोरल एवढ्यावरच आहे आणि समाधानी आहे.

नवीन दगड टाकल्यावर टँक सायकल व्हायला, म्हणजे घाण पचवणारे बॅक्टेरिया दगडात पुरेसे वाढायला, मला सहा आठवडे लागले. तेवढे दिवस लाइट जवळजवळ बंदच ठेवा, आत कोरल नसताना उजेड दिला की तो शेवाळालाच मिळतो. नंतर तपकिरी थर येईल, येऊ द्या, जातो. कोरल टाकल्यावर उजेडाचा नॉब एक तृतीयांशावर ठेवून सुरुवात केली आणि दर आठवड्याला थोडा थोडा वाढवत महिन्याने हवा तिथे आणला. पहिल्या खेपेला घाई केली होती आणि आठ दिवसांत झोआ पांढरे पडले, ते परत आलेच नाहीत, अजून वाईट वाटतं.

लाइटमध्ये काय नाही तेही सांगतो. लटकवायचा गूजनेक (वाकवता येणारा दांडा) वेगळा घ्यावा लागतो. उजाडणं-मावळणं हवं तर कंट्रोलरही वेगळा, मी साधा टायमरवाला प्लग लावलाय, सकाळी ११ ला चालू, रात्री ८ ला बंद. टँक दोन फुटी असेल तर एकाने कडा अंधारात राहतील, दोन लावा. फुटापेक्षा खोल असेल तर वरचं मॉडेल बघा. आणि एप्रिल-मेमध्ये लाइट कुठलाही असो, पाण्यावर छोटा पंखा लावाच, आटलेलं पाणी रोज आरओच्या पाण्याने भरा, मीठ घालायचं नाही, मीठ आटत नसतं.

वरच्या फांदीवर आता हिरवे झोआ दगड झाकत चाललेत, खालचे मश्रूम तळहाताएवढे पसरलेत. आठ वाजता लाइट गेला की गोबी बिळात शिरतो आणि श्रिम्प त्याच्या मागून एक खडा आणून दार बंद करतो. आई आता सिरियल सुरू करायच्या आधी तेवढं बघून घेते.