ऑफिसच्या फाइली कुठे ठेवाव्यात: विंडोज शेअर, सांबा की नॅस?

नागपुरातल्या धंतोली-रामदासपेठेतलं दहा-बारा माणसांचं सीए ऑफिस डोळ्यांसमोर आणा. कोपऱ्यातल्या टेबलाखालच्या पीसीला सगळे ‘सर्व्हर’ म्हणतात. त्याचा डी ड्राइव्ह अख्खा शेअर केलेला, ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’, पासवर्डची भानगडच नाही. लावून देणाऱ्याने अर्ध्या तासात काम उरकलं, कारण त्याला एवढंच सांगितलं होतं की ‘सगळ्यांना फाइली दिसल्या पाहिजेत’. दिसतात खऱ्या. कालच रुजू झालेल्या आर्टिकललाही (सीए होण्यासाठी हाताखाली शिकणाऱ्या पोरालाही) पार्टनरांचा पगाराचा हिशेब दिसतो.

हे बदलायचं ठरलं की पर्याय तीन उरतात: त्याच विंडोज पीसीवर नीट परवानग्या लावणं, जुन्या पीसीवर लिनक्स टाकून सांबा (लिनक्सवरच्या फाइली विंडोजवाल्यांना देणारं सॉफ्टवेअर) चालवणं, किंवा दोन डिस्कची नॅस पेटी (नेटवर्कला जोडून फक्त फाइली ठेवायची पेटी) घेणं. सीताबर्डीच्या दुकानात विचारलंत तर चर्चा टीबी आणि किमतीवर सुरू होईल. मी मात्र आधी विचारीन: माणूस सोडून गेला की सर्व्हरवरून त्याचं नाव कोण काढणार? २०२३पासून आर्टिकलशिप दोन वर्षांची झाली, म्हणजे पोरं पूर्वीपेक्षा लवकर बदलणार. अशिलाची माहिती त्याच्या संमतीविना बाहेर गेली तर सीए कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे जबाबदारी सही करणाऱ्याची.

म्हणून खरेदीच्या आधी एक कागद घ्या. वरच्या ओळीत फोल्डर: अशील, ऑडिट, पगार, स्कॅन. बाजूला गट: पार्टनर, स्टाफ, आर्टिकल. प्रत्येक चौकटीत तीनपैकी एक: काही नाही, फक्त वाचणं, वाचणं-बदलणं. या तक्त्यात माणसाचं नाव लिहायचं नाही, फक्त गट. ऑडिटचे कागद साधारणपणे किमान सात वर्षं जपावे लागतात, तेव्हा बंद झालेल्या वर्षांचे फोल्डर सगळ्यांना ‘फक्त वाचणं’. खाली तिन्ही पर्याय याच कागदावर घासून पाहिले आहेत.

विंडोजचा पीसी

खर्च शून्य, आणि सगळ्यांना सवयीचा. पण विंडोजमध्ये परवानगीचे दोन थर असतात: एक शेअरचा, दुसरा एनटीएफएसचा, म्हणजे डिस्कवरच्या फोल्डरचा. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींपैकी जो कडक तो लागू होतो. लोक एक थर सैल करतात, दुसरा विसरतात आणि मग ‘अॅक्सेस डिनाइड’ का येतंय म्हणून डोकं धरतात. सोपी रीत अशी: शेअरच्या थरावर ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ना बदलण्याची मुभा द्या आणि खरी गाळणी एनटीएफएसवर गटांप्रमाणे लावा. ‘डिनाय’चा वापर टाळा. एकच माणूस दोन गटांत असला की डिनाय वरचढ ठरतं आणि पार्टनरच बाहेर राहतो.

विंडोज होम असेल तर गट बनवायची खिडकीच मिळत नाही, प्रो लागतं. लॉगिनचा पिन नेटवर्कवर चालत नाही, खात्याचा पासवर्डच द्यावा लागतो, आणि रिकामा पासवर्ड तर मुळीच चालत नाही. एकाच लॅपटॉपवरून एकाच सर्व्हरला दोन वेगवेगळ्या नावांनी जोडायला गेलात तर विंडोज नकार देतं. आधीची जोडणी तोडल्याशिवाय दुसरी होत नाही, त्यामुळे पार्टनरने आर्टिकलच्या मशीनवर बसून ‘जरा पगाराची फाइल उघडतो’ म्हटलं की गाडी तिथेच अडते.

साध्या विंडोजवर एकावेळी २० जोडण्यांची मर्यादाही आहे. दहा माणसांच्या ऑफिसला ती पुरते. मला खटकतं ते वेगळंच: नेटवर्कवरून डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. शिवाय त्या पीसीवर कुणीतरी बसून काम करत असतं, आणि दुपारी तो रीस्टार्ट झाला की सगळ्यांच्या एक्सेल अडकतात. तो अजून विंडोज १०वर असेल तर त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे.

नवा लॅपटॉप आणला आणि त्यालाच ‘सर्व्हर’ दिसेना, ही तक्रार हल्ली सारखी कानावर येते. कारण बहुतेक वेळा हेच: विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती, विशेषतः प्रो, पासवर्डविना पाहुणा म्हणून आत शिरायला नकार देते. इंटरनेटवरच्या सल्ल्याने हे रक्षण बंद करू नका, सर्व्हरवर प्रत्येकाचं खातं उघडा. जुन्या झेरॉक्स-स्कॅनर मशीनसाठी एसएमबी १ (विंडोजची फाइल शेअर करण्याची जुनी पद्धत) परत चालू करून देणारेही भेटतात. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तो त्याच जुन्या एसएमबीतल्या भोकातून. त्यापेक्षा स्कॅनरला मेलवर पाठवायला लावा.

लिनक्स आणि सांबा

१९९२च्या सुमारास ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी सुरू केलेलं हे फुकट सॉफ्टवेअर. अनेक नॅस पेट्यांच्या पोटातही हेच असतं. चार जीबी मेमरीचा जुना पीसी पुरतो. सगळी मांडणी एका साध्या मजकूर-फाइलमध्ये असते: फोल्डरचा मार्ग, कुठल्या गटाला प्रवेश, कुणाला लिहिण्याची मुभा. तुमच्या कागदावरचा तक्ता वीस-पंचवीस ओळींत उतरतो, त्याची प्रिंट काढून फाइलला लावता येते. ‘हाइड अनरीडेबल’ अशी सोय आहे. ज्याला परवानगी नाही त्याला फाइल दिसतच नाही. रिसायकलचं मोड्यूल जोडलं की पुसलेल्या फाइली एका फोल्डरात जमा होतात.

अडचणी ठरलेल्या. सांबाचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डहून वेगळा ठेवला जातो. खातं उघडलं पण सांबाचा पासवर्ड घातला नाही, तर माणूस आत येत नाही. दुसरी जास्त चिडवणारी: एकाने बनवलेली फाइल दुसऱ्याला उघडते, पण सेव्ह होत नाही. कारण मूळच्या ‘क्रिएट मास्क’मध्ये (नव्या फाइलीच्या परवानग्या ठरवणाऱ्या ओळीत) गटाला फक्त वाचण्याचा हक्क असतो. तो ०६६० करा, डिरेक्टरी मास्क २७७० करा आणि ‘फोर्स ग्रुप’ लावा, प्रश्न मिटतो. प्रत्येक बदलानंतर ‘टेस्टपार्म’ चालवून फाइल तपासून घ्यायची.

तांत्रिकदृष्ट्या तिन्हींत मला हाच आवडतो. तरीही बहुतेक ऑफिसांना सुचवत नाही. लावून देणारा पोरगा दीड वर्षाने पुण्याला नाहीतर हैदराबादला नोकरीला जातो, आणि मग त्या काळ्या पडद्याला हात लावायला कुणी धजत नाही. सोडून गेलेल्यांचं नाव काढायचं राहून जातं. एनएफएस ही शेअर करण्याची आणखी एक पद्धत कुणी सुचवली तर तो लिनक्स-लिनक्समधला मामला आहे, विंडोजच्या ऑफिसात त्याची गरज नाही.

नॅस पेटी

सिनॉलॉजी, क्यूनॅप वगैरे कंपन्यांची. पैसे पडतात, डिस्कचे वेगळे. पण ब्राउझरमध्ये उघडणारा परवानग्यांचा तक्ता जवळजवळ तुमच्या कागदासारखाच असतो: गट निवडा, फोल्डरसमोर खूण करा. पार्टनरांपैकी कुणीही किंवा ऑफिस मॅनेजर पाच मिनिटांत आर्टिकलचं खातं बंद करू शकतो. पुसलेल्या फाइलींची टोपली आहे. स्नॅपशॉट मिळणारं मॉडेल घेतलंत तर फाइलींची कालची अवस्था परत आणता येते. ही सोय स्वस्तातल्या सगळ्या मॉडेलांत नसते, विचारूनच घ्या.

दोन डिस्क आरशासारख्या लावल्या की चार-चार टीबीतून वापराला चारच मिळतात, आणि एक मेली तरी काम थांबत नाही. पण हा बॅकअप नव्हे. व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडच्या एकदमच होतात. दर आठवड्याला यूएसबी डिस्कवर प्रत काढून ती दुसऱ्या जागी न्यायची.

घरून फाइली पाहता याव्यात म्हणून राउटरमधून नॅस थेट इंटरनेटवर उघडी ठेवणं सर्वांत वाईट. जानेवारी २०२२मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर व्हायरसने अशाच उघड्या क्यूनॅप पेट्या गाठल्या होत्या. बाहेरून यायचं तर व्हीपीएनने, म्हणजे कुलूपबंद खासगी जोडणीने. ‘अॅडमिन’ नावाचं मूळ खातं बंद, आणि ज्याच्या हाती किल्ल्या त्याच्यासाठी दोन टप्प्यांचं लॉगिन.

नागपूरकरांनी माहितीपत्रकातली एक ओळ आवर्जून वाचावी. अनेक छोट्या नॅससाठी चालू असतानाचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. मे महिन्यात रविवारी बंद ऑफिसात एसी नसताना काय होतं ते सांगायला नको. पेटी माळ्यावर किंवा पश्चिमेच्या भिंतीला ठेवू नका, वाळ्याच्या कूलरसमोर तर नकोच. तापमान वाढलं की मेल येईल आणि ठरावीक मर्यादेला पेटी बंद होईल, एवढी मांडणी करून ठेवा. यूपीएसची यूएसबी वायरही जोडा, म्हणजे वीज गेली की ती नीट बंद होते.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं प्रकरण मात्र तिन्हींत सारखंच. ज्याला नोंदी करायच्या त्याला डेटा फोल्डरवर लिहिण्याची मुभा द्यावीच लागते, आणि ती दिली की तो अख्खा फोल्डर कॉपीही करू शकतो. टॅलीच्या आतला पासवर्ड लावा. ज्यांना हे सहन होणार नाही त्यांनी टॅलीप्राइम सर्व्हरची वेगळी चौकशी करावी.

चार-पाच माणसं, प्रो विंडोज आणि जवळ बॅकअप डिस्क असेल तर विंडोज शेअर नीट करून घ्या, नवीन काही आणू नका. सहा ते वीस माणसं असतील तर नॅस. सांबा फक्त तिथे, जिथे लिनक्स जाणणारा माणूस स्वतः भागीदार किंवा कायमचा कर्मचारी आहे. खरा विंडोज सर्व्हर मोठ्या ऑफिससाठी. त्यात माणसागणिक किंवा मशीनगणिक परवाने लागतात, तो हिशेब वेगळा मांडावा लागेल. काहीही घ्या, नेटवर्कच्या वायरी जोडणारा स्विच गिगाबिटचा आहे ना ते पाहा. जुन्या १०० मेगाबिटच्या स्विचवर सेकंदाला ११-१२ एमबीच मिळतात आणि दोष उगाच नव्या पेटीला जातो.

बदल सप्टेंबर-ऑक्टोबरच्या धावपळीत नको. नोव्हेंबरातला एखादा रविवार धरा. फाइली नव्या जागी नेल्यावर जुना शेअर महिनाभर ‘फक्त वाचणं’ करून ठेवा आणि सोमवारी सकाळी आर्टिकलच्या खात्याने स्वतः लॉगिन करून पगाराचा फोल्डर उघडतो का ते पाहा.